बाळोती उकळा, आईला बोल लावू नका

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी दिलेल्या माहितीचे हे शब्दांकन. बैठकीला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी छापत आहोत. आपापल्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवावे.)



बचतीचं झालं, परतफेडीचं झालं. आता अर्धा तास मला द्या. आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हेही एक सूत्र आहे. बैठकीत आपण ते वाचतो, हजेरीपटावर सह्या करतो आणि पुढच्या विषयाला लागतो. आज त्यातला एकच छोटा विषय घेऊ या. बाळाच्या जांघेत येणारं बुरशीचं पुरळ, आणि ते आल्यावर लंगोट-बाळोती कशी धुवायची.

हसू नका. विषय बाळोत्यांचा असला तरी त्यापायी घरात भांडणं होतात. गटातून कर्ज उचललं जातं. आणि बोलणी खावी लागतात ती बाळाच्या आईला.

साधं पुरळ आणि बुरशीचं पुरळ

बाळ ओल्यात राहिलं की कातडी लाल होते, हे सगळ्यांना माहीत आहे. हे साधं पुरळ. ते जिथे ओलं कापड घासतं तिथे येतं, म्हणजे ढुंगणावर, मांडीच्या फुगीर भागावर. जांघेच्या घडीत ते सहसा कमी असतं. बाळ कोरडं ठेवलं, थोडा वेळ उघडं ठेवलं, की दोन-तीन दिवसांत उतरतं.

बुरशीचं पुरळ वेगळं दिसतं. रंग लालभडक. जांघेची घडी उघडून बघा, ते आतपर्यंत गेलेलं असतं. त्याला कड असते, आणि कडेच्या बाहेर छोटे छोटे लाल ठिपके असतात, जशी मोठ्या डबक्याच्या बाजूला पाण्याची थेंबं उडालेली असावीत. बाळ शू केली की कळवळून रडतं. आणि साध्या उपायांनी दोन-तीन दिवसांत उतरत नाही.

या बुरशीचं नाव कॅन्डिडा. ती बाहेरून कुठून येते असं नाही. आपल्या सगळ्यांच्या अंगावर, तोंडात, आतड्यात ती थोडीफार असतेच. ऊब आणि ओल मिळाली की ती वाढते. बाळाची जांघ उबदार असते, ओली असते, वरून घट्ट कापड बांधलेलं असतं. बुरशीला आणखी काय पाहिजे? बाळाला किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला अँटिबायोटिक औषध चालू असेल, तर चांगले जंतूही मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं.

त्याच बाळाचं तोंड उघडून बघा. जिभेवर, गालाच्या आत दुधाच्या सायीसारखे पांढरे चट्टे असतील आणि पुसून जात नसतील, तर ती तीच बुरशी. कधीकधी पाजताना आईच्या बोंडाची आग होते, खाज सुटते, तेही यामुळे असू शकतं. अशा वेळी दोघांनाही दाखवायचं, दोघांनाही औषध घ्यायचं. एकाचंच केलं तर दुसऱ्याकडून परत येतं. अंगावर पाजणं मात्र बंद करायचं नाही.

आणि बायांनो, आपल्यातल्या किती जणींना दह्यासारखं पांढरं जातं, खाज सुटते, आणि आपण कुणाला सांगत नाही? तीही बऱ्याचदा हीच बुरशी असते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आशाताईंना सांगा, दवाखान्यात दाखवा.

पुरळ परत परत का येतं

आपल्याच भागातल्या एका घरची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. पाच महिन्यांचं बाळ. पुरळ आलं, मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, दोन दिवसांत लाली गेली. आठ दिवसांनी परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. परत ट्यूब, परत बरं, परत पुरळ. असं तीन वेळा. घरातले म्हणायला लागले, तुझं दूधच उष्ण आहे, तू वांगं खाल्लंस, तू तिखट खाल्लंस. त्या पोरीने वांगं सोडलं, डाळ सोडली, तिखट सोडलं. नुसतं भाकरी आणि दुधावर राहिली. बाळाला पाजणारी बाई ती. पुरळ काही जाईना. औषधाला म्हणून गटातून अंतर्गत कर्जही उचललं.

शेवटी आशाताईंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी ट्यूब बघितली आणि बंद करायला सांगितली. तिच्यात स्टिरॉईड होतं. बुरशीची नुसती दुसरी ट्यूब दिली. आणि मग विचारलं, बाळोती कुठे वाळत घालता?

बाळोती वाळत होती मागच्या अंधाऱ्या खोलीत, दोरीवर, तिच्याच साडीच्या खाली झाकून. कारण पुढच्या अंगणात माणसांची ये-जा, आणि बाळाच्या कपड्याला नजर लागते म्हणतात. पावसाळ्याचे दिवस. कापड वरून वाळलेलं लागायचं, शिवणीला ओलच असायचं. गार पाण्यात, साबणाचा हात फिरवून धुतलेलं. कातडीवरची बुरशी औषधाने मरत होती आणि कापडातली जिवंत राहत होती. तेच कापड परत बाळाला.

यात त्या पोरीच्या दुधाचा काय दोष? वांग्याचा तरी काय दोष? मला आज एवढंच पटवून द्यायचं आहे. औषध कातडीचं काम करतं. कापडाचं काम आपण करायचं. दोन्ही एकाच वेळी झालं तर पुरळ जातं आणि गेलेलं राहतं.

बाळोती धुवायची रीत

आता नीट ऐका. गटाच्या लेखापालांनी लिहून घेतलं तरी चालेल.

पहिलं. शी असेल ती आधी संडासात टाका. बाळाची शी काही घाण नसते असं आपण म्हणतो, पण तिच्यातही जंतू असतात. उकिरड्यावर, नालीत टाकायची नाही.

दुसरं. ओली बाळोती इतर कपड्यांत टाकू नका. झाकणाची वेगळी बादली ठेवा. गार पाण्यात आधी खळबळून घ्या. लगेच गरम पाणी घातलं तर डाग बसतो.

तिसरं. नेहमीच्या साबणाने किंवा पावडरीने चोळून धुवा आणि साबण काढून टाका.

चौथं, आणि हेच महत्त्वाचं. उकळा. सुती कापड पाण्यात पूर्ण बुडलं पाहिजे. खळखळून उकळी फुटल्यावर दहा ते पंधरा मिनिटं तसंच उकळू द्या, मधे काठीने वर-खाली करा. नुसतं कोमट पाणी, आंघोळीचं पाणी, उपयोगाचं नाही. पातेलं वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं नको. धुण्याचा सोडा घालणार असाल तर पातेलं स्टीलचं घ्या. जर्मनच्या पातेल्याला सोडा खातो.

पाचवं. निवल्यावर स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळा. पाण्याला फेस येत असेल, हाताला गुळगुळीत लागत असेल, तर साबण राहिला आहे. राहिलेल्या साबणानेही बाळाची कातडी भाजते. कपड्याला मऊपणा आणणारं, वासाचं लिक्विड घालू नका. त्याने कापड शू शोषत नाही.

सहावं. कडक उन्हात, मोकळ्यावर, एकेक कापड सुटं वाळत घाला. एकावर एक नको. घडी करताना शिवण आणि जाड भाग बोटात धरून बघा. तिथे गारवा लागला तर परत दोरीवर.

सातवं. हात साबणाने धुवा. बाळाला बदलण्याआधी आणि बदलल्यानंतरही.

पुरळ पूर्ण जाईपर्यंत हे रोज करा, आणि गेल्यावर आणखी आठवडाभर. त्यानंतर नेहमीसारखं धुतलं तरी चालेल, ऊन मात्र सोडायचं नाही.

बाळोत्यांशिवाय जे जे बाळाच्या अंगाखाली असतं तेही बघा. दुपटं, झोळीचं लुगडं, अंग पुसायचा पंचा. झोळी तर आपण महिना महिना सोडत नाही. बाळ तिच्यात शू करतं, ती तशीच वाळते, परत ओली होते. झोळीलाही दोन लुगडी ठेवा, एक वापरात, एक दोरीवर. मेणकापड उकळता येत नाही. ते साबणाच्या पाण्याने पुसून उन्हात टाका. गोधडी जाड, ती लवकर वाळत नाही, म्हणून तिच्यावर एक पातळ सुती कापड अंथरा आणि ते रोज बदला. बाळ बाटलीने दूध घेत असेल, तोंडात चोखणी असेल, तर तीही रोज उकळा.

सरपण नाही, पाणी नाही, ऊन नाही

तुमच्या मनातलं मला कळतं. ताई सांगून जाईल, पण पाणी कोण आणणार? एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावात बाळोत्यांना चार बादल्या कुठून आणायच्या?

म्हणून थोडा हिशोब करू. उकळल्यानंतर शेवटचं खळबळलेलं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. ते फेकू नका, झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या खळबळण्याला वापरा. बाळोत्यांचं पहिलं, शी-शूचं पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या. परसबागेतल्या मेथी-पालकाला ते घालायचं नाही.

सरपणाचं म्हणाल तर प्रत्येक बाळोत्यामागे चूल पेटवायची नाही. दिवसाची सगळी साठवा, धुवा आणि एकदाच उकळा. सकाळी भाकऱ्या झाल्यावर चूल पेटतीच असते, तेव्हा पातेलं चढवा. त्यासाठी दोन दिवस पुरतील एवढी बाळोती हवीत. जुनं सुती लुगडं, धोतर, सुती चादर, हे सगळ्यात उत्तम. शू शोषतात, उकळतात, लवकर वाळतात. हल्लीच्या सिंथेटिक साड्या त्या कामाच्या नाहीत. गटातल्या प्रत्येकीच्या पेटीत एखादं जुनं सुती कापड असतं. बाळंतिणीला खण-नारळ नेतो तसं तेही धुऊन, उकळून नेलं तर काय बिघडलं?

पावसाळ्यात ऊन नसतं. तेव्हा उकळून, घट्ट पिळून, वारा लागेल अशा ठिकाणी वाळवा आणि शेवटी दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवा. इस्त्रीच्या उष्णतेनेही बुरशी मरते. बाळाला धुरी देतात तिच्यावर कपडे धरून वाळवू नका. धुराने बुरशी मरत नाही आणि बाळाच्या छातीत मात्र धूर जातो.

काही जणी बाजारातली बटणांची कापडी डायपर वापरतात, वर प्लास्टिकसारखं अस्तर असलेली. ती उकळली तर अस्तर खराब होतं. पुरळ असेपर्यंत ती बाजूला ठेवा आणि साधं सुती बाळोतं वापरा. बाहेरगावी जाताना बाजारातला वापरून फेकायचा डायपर घालता, तो महाग म्हणून दिवसभर ठेवू नका. ओल कळत नाही, पण आत ऊब आणि ओल दोन्ही असते.

विचारलेल्या काही गोष्टी

मघाशी एका काकूंनी विचारलं, ब्लीच चालतं का? पांढऱ्या सुती कापडाला चालतं, पण उकळणं जमत असेल तर त्याची गरज नाही. उकळणं जमतच नसेल तर दुकानात मिळणारं कपड्याचं पातळ ब्लीच, दहा लिटर पाण्याला साधारण 100 मिली, प्लास्टिकच्या बादलीत, अर्धा तास. त्याआधी शी-शू पूर्ण धुऊन काढलेली पाहिजे, कारण शूच्या वासाच्या कपड्यावर ब्लीच पडलं की डोळे-नाक झोंबणारा वायू निघतो. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळायचं नाही, तो वायू जीवघेणा असतो. अंगणात, मोकळ्यावर करा, पोरांच्या हाताला लागू देऊ नका, आणि नंतर तीन पाण्यांनी खळबळा.

डेटॉल, फिनेल बाळोत्यांना नको. ते कापडात राहतं आणि कातडी आणखी लाल होते. लिंबू, व्हिनेगर, कडुलिंबाचं पाणी यांच्यावर विसंबू नका. उकळत्या पाण्याइतकी खात्री त्यांची नाही.

शंखजिरं, टाल्कम पावडर, हळद, राख यातलं काहीही बुरशीच्या पुरळावर लावू नका. पावडर घडीत जाऊन ओली होते, तिचा लगदा बसतो आणि घासतो. शिवाय भुकटी उडून बाळाच्या नाकातोंडात जाते. साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, टिपून कोरडं करा, आणि दिवसातून काही वेळ बाळाला तसंच उघडं खेळू द्या. औषधाआधीचं हे औषध आहे आणि ते फुकट आहे.

बाळाचे कपडे ठेवताना पेटीत डांबरगोळ्या टाकू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मापासून एक कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळीतल्या कपड्यांमुळे रक्तातल्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. आपल्या बाळात ती कमतरता आहे की नाही हे बघून कळत नाही, म्हणून कुठल्याच बाळाच्या कपड्यांत नको.

ट्यूब कुठली? ती डॉक्टरांना विचारूनच. मेडिकलमध्ये खाज, खरूज, गजकर्ण सगळ्यावर एकच म्हणून जी ट्यूब देतात, तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉईड असतं. लाली दोन दिवसांत जाते म्हणून ती चांगली वाटते. पण बुरशी तशीच राहते आणि बाळाची नाजूक कातडी पातळ होत जाते. लंगोटाखाली तर ते औषध अंगात जास्त मुरतं. शेजारणीची उरलेली ट्यूब आपल्या बाळाला लावायची नाही. आणि डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितके दिवस लावायची. लाली गेली म्हणून मधेच सोडायची नाही.

लगेच दवाखान्यात कधी न्यायचं? बाळ महिन्याच्या आतलं असेल तर पुरळ दिसताच दाखवा. कुठल्याही वयाच्या बाळाला पुरळासोबत ताप आला, पू किंवा फोड आले, रक्त आलं, बाळ पाजायला घेईना, किंवा औषध चालू करून दोन-तीन दिवसांत फरक पडेना, तर थांबू नका. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी येतात. त्या आल्या की लंगोट सोडून दाखवा. बाळ झोपलंय, नंतर बघू, असं म्हणू नका.

हे काम कुणाचं

शेवटचं सांगते. बाळंतीण बाई, रात्री चार वेळा उठणारी, तिनेच पाणी आणायचं, तिनेच धुवायचं, तिनेच उकळायचं, आणि पुरळ आलं की तिनेच ऐकून घ्यायचं. हे बरोबर आहे का? बाळ घरातल्या सगळ्यांचं आहे ना? बाबाने दोन हंडे पाणी आणलं, पातेलं चुलीवरून उतरवलं, दोरी उन्हात बांधली, तर त्याचं काही कमी होत नाही. इथे बसलेल्या सासवांना माझी हात जोडून विनंती आहे, हे तुम्हीच घरात सांगा. सून सांगते तेव्हा उलट बोलली म्हणतात. तुम्ही सांगितलं तर ऐकतात.

आणि आज्यांनो, उकळायची रीत तुमचीच. बंबाच्या पाण्यात, चुलीवर, सोडा घालून बाळंतिणीची धुणी उकळायची पद्धत होतीच की. मधल्या काळात पावडर आली आणि आपण उकळायचं सोडलं. तुम्हाला आठवत असेल तर सुनांना दाखवा.

आपली महिन्याची कापडंही अशीच लपवून वाळवतो, पेटीमागे, कपड्याखाली. त्यांनाही हाच नियम. धुवा, उकळा, उन्हात वाळवा. बाळोतं उन्हात दिसायला लागलं की तेही दिसेल, हळूहळू.

तर आजचे तीन ठराव लिहून घ्या. एक, प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत ही माहिती वाचायची आणि गटात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्या घरी दोघींनी जाऊन यायचं. दोन, ज्या घरी उकळायला मोठं पातेलं नाही तिथे ग्रामसंघाच्या भांड्यांतलं एक पातेलं बाळोत्यांसाठी वेगळं काढून द्यायचं, परतीच्या नोंदीसह. तीन, सार्वजनिक नळाजवळ शोषखड्डा नाही, त्याचा अर्ज येत्या ग्रामसभेत द्यायचा, आणि अर्ज द्यायला आपण दहा जणी तरी जायचं.

मंजूर असेल तर हात वर करा. आणि सह्या करून मगच उठा.